तानीचा खोडवा

सन एकोणीसशे शहाऐंशी. मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा होतो आणि कोल्हापुरात आमच्या पेठेत पिठाची गिरणी माझी एकट्याचीच होती. शाळा माझी तिसरीतच सुटली, त्यामुळे लिहिण्यात चुका सापडतील. सापडू द्यात. माणूस बघण्यात माझी चूक होत नाही. वसंता रेडिओवाल्याबद्दल पेठेत अजून काहीबाही बोलतात. कुणी म्हणतं भित्रा होता, कुणी म्हणतं शेवटी डोकं फिरलं. बोलणाऱ्यांतले निम्मे तेव्हा जन्माला आले नव्हते, आणि उरलेले त्या संध्याकाळी दारं लावून घरात बसले होते. मी त्याच्या भिंतीला भिंत लावून होतो. म्हणून मी सांगणार.

वसंता अंगानं काटकुळा. शर्टाच्या वरच्या खिशात लोक पेन लावतात तसा टेस्टर लावलेला. बोटांची टोकं तारा जोडताना कथलाच्या डागांनी भाजून भाजून गुळगुळीत झालेली. "माझा अंगठा कुठल्याच कागदावर उठत न्हाय. मला कोण धरणार?" म्हणून हसायचा. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. याहून जास्त त्याच्या घरचं त्यानं कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही.

दुरुस्तीला आलेल्या रेडिओला तो पावणं म्हणायचा. गंमत म्हणून नव्हे, मनापासून. फडक्यात बांधलेला रेडिओ टेबलावर ठेवला की गाठ सोडत म्हणायचा, "या पावणं. मुरगूडास्नं आला न्हवं? बसा. कुठं दुखतंय?" ज्यानं एसटीत मांडीवर घेऊन तो रेडिओ आणला, तो माणूस बाजूला उभाच. त्याला बस म्हणायचं वसंताच्या ध्यानात यायचं नाही.

एकदा कुरुंदवाडचा एक शेतकरी पुरात भिजलेला रेडिओ घेऊन आला. वसंतानं तो उघडून दुकानाच्या पायरीवर उन्हात ठेवला, आणि पापड परतावेत तसा दर थोड्या वेळानं कूस बदलून ठेवायचा. आठवड्यानं मालक आला. आत रेडिओ चांगला गात होता.

"मग नेऊ न्हवं?" मालक म्हणाला.

"बोलतोय, पर दम लागतोय त्येला. आणि दोन दिस राहू द्या."

"अवो मास्तर, रेडिओ हाय का बाळंतीण?"

"बाळंतीण असती तर एवढ्यात विचारू तरी दिलं असतं का तुमास्नी?"

मालक डोक्याला हात लावून परत गेला, आणि दोन दिवसांनी खरंच पुन्हा आला.

त्याच्या दुकानात मागच्या फळीवर जळालेले व्हॉल्व्ह ओळीनं मांडलेले असायचे. काचेच्या त्या काळ्या पडलेल्या नळ्या, कशाच्याच उपयोगाच्या नाहीत. मी एकदा म्हणालो, "टाक की हे उकिरड्यावर." तर माझ्याकडं असं बघितलं की जणू मी त्याच्या म्हाताऱ्या आईबापाला बाहेर काढायला सांगितलं. "आबा, ह्यांनी गाणी म्हटल्यात. टाकणं कुणालाबी जमतंय." खंडेनवमीला आम्ही सगळे आपापल्या हत्यारांना विश्रांती देतो, पूजा करतो. मी जात्याच्या दगडाची, तो त्याच्या पकडींची. पण हा बाबा त्या मेलेल्या व्हॉल्व्हनाही एकेक करून हळदकुंकू लावायचा. हे त्याचं टाकणं न टाकणं लक्षात ठेवा. पुढं सगळं त्याच्यावरच आलं.

मग घरोघरी टीव्ही आले आणि वसंताच्या टेबलावर पावणं कमी झाले. मुंबईच्या ज्या व्यापाऱ्याकडून तो सुटे भाग आणायचा, त्यानं एक व्हिडिओ गेमचं मशीन त्याच्या गळ्यात मारलं. माणसाएवढं उंच लाकडी कपाट. पोटात टीव्ही, खाली एक दांडा आणि एक लाल बटण. नाणं टाकलं की पडद्यावर एक कोंबडी यायची आणि मागं पाच पिल्लं. दिवस मावळायच्या आत तिनं पिल्लांना घेऊन खुराड्यात पोचायचं. वाटेत ओढा, वरती घार, झाडामागं बोका. पिल्लं पांगली की लाल बटण दाबायचं. कोंबडी क्लक क्लक करायची आणि पाचही पिल्लं धावत तिच्या पंखाखाली यायची. खुराड्याशी पोचली की दार आपोआप उघडायचं, आत पिवळा उजेड, आणि असली गोड धून वाजायची की गिरणीत मला ऐकू यायची.

हे मशीन पोरांसाठी आणलं होतं. धरलं ते बायकांनी. दळण टाकून माझ्याकडं ताटकळत उभ्या राहणाऱ्या बायका डबा रांगेत ठेवायच्या आणि शेजारी जाऊन वसंताच्या लांब बाकावर बसायच्या. कोंबडीचं नाव त्यांनीच ठेवलं, तानी. एकीनं दांडा धरायचा आणि बाकीच्यांनी ओरडायचं. "अगं उजवीकडं घे तिला, बोका हाय!" "आगं माझ्या बाई, बारकं मागं ऱ्हायलं, हाक मार त्येला!" एखादं पिल्लू घारीनं उचललं की बाकावर सुतक. मी पीठ भरून हाका मारायचो तर एकीचं लक्ष नाही. वसंता कपाटाच्या बाजूला उभा राहून चेहऱ्यावरच वाचायचा की तानी कुठवर पोचली.

एक अडचण होती. माझी मोटर सुरू झाली की सगळ्या गल्लीचे दिवे मंद व्हायचे. वसंताच्या मशीनचं चित्र आक्रसायचं, थरथरायचं, आणि नेमकी त्याच वेळी तानी ओढ्यात जायची. पहिल्याच दिवशी बायकांनी मला भिंतीपलीकडून ज्या शिव्या दिल्या त्या मी इथं लिहीत नाही. मग वसंतानं आणि मी ठरवून टाकलं. हँडल ओढायच्या आधी मी भिंतीकडं तोंड करून हाक मारायची, "वढू का?" तानी सुखरूप जागी आली की तिकडनं त्याचं उत्तर, "वढा!" मगच मोटर. मी कुणाला विचारून काही करणारा माणूस नव्हे, माझ्या बापालाही विचारलं नाही. पण हे विचारत होतो. त्यात मला कमीपणा वाटला नाही.

त्या बाकावरची मुख्य म्हणजे हौसाबाई. भाजलेल्या शेंगांची पाटी घेऊन बसणारी, आवाजानं सगळा चौक हलवणारी बाई. वसंता तिला आक्का म्हणायचा. पाटी पायाशी ठेवून दांडा धरला की पाचही पिल्लं घरात नेल्याशिवाय उठायची नाही. तिचा एकुलता एक लेक म्हणजे रंग्या.

आता रंग्याचं सांगतो. दिसायला मवाली मुळीच नाही. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात घडी केलेला रुमाल, बोलणं मऊ. कुणाला अरेतुरे नाही. आईच्या पाटीतल्या मूठभर शेंगा घेऊन समोरच्या बंद घराच्या पायरीवर बसायचा, सावकाश सोलून खायचा आणि टरफलांचा बारीक ढीग करून ठेवायचा, नीटनेटका. असाच बसता बसता त्यानं मागच्या गल्लीतलं चहाचं दुकान घेतलं. घेतलं म्हणजे विकत नव्हे. आधी त्याची पोरं बाहेर बसली, मग आत बसली, मग मालक बाहेर बसला. ते दुकान नंतरही रोज उघडायचं. तिथं चहा मात्र मिळायचा नाही. काय मिळायचं ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

एका संध्याकाळी रंग्यानं वसंताच्या पायरीवर एक पाय ठेवला. बाक बायकांनी भरलेला. हौसाबाईनं पडद्यावरची नजर काढली नाही.

"रंग्या, पाय काढ."

"बघायला आलतो आई, नुसतं."

"बायका बसल्यात. काढतुयास का तानीला बोक्याच्या तोंडात देऊन उठू? आन् उठलो तर पाटी तुझ्या डोक्यात घालीन, मेल्या."

सगळ्या बायका फिदीफिदी हसल्या. रंग्याही हसला. पाय काढला. पण जायच्या आधी त्यानं दुकानाचं छप्पर बघितलं, मागचं दार बघितलं, विजेचा मीटर बघितला. घर विकत घेणारा बघतो तसं. मी माझ्या दारातून बघत होतो. तेव्हा मला कळलं की वसंताच्या दुकानाला कुलूप नाही, हौसाबाई आहे. ती बाकावर बसते तोवर रंग्या पायरी चढणार नाही.

वसंतालाही हे कळलेलं होतं. एकदा म्हणाला, "आबा, तानी दारात पोचती म्हणून आक्का बसती. आक्का बसती म्हणून मी बसतोय."

पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी मुंबईच्या व्यापाऱ्याचा निरोप आला. याच कोंबडीचा दुसरा भाग निघालाय. जुनं मशीन द्या, नवं घ्या. गल्लीत एवढा आनंद मी कुणाच्या लग्नातही बघितला नाही. खुराड्याचं दार लागल्यावर पुढं काय होतं, याच्यावर बायकांचे वर्षभर वाद चालले होते. एक म्हणायची पिल्लं मोठी होणार. दुसरी म्हणायची, तानीचा कोंबडा कुठं गेलाय त्याचा आता पत्ता लागणार. "दारू पिऊन पडला असंल कुठंतरी," हौसाबाई म्हणाली, "कोंबडा झाला म्हणून काय झालं?"

मी वसंताला म्हणालो, "जुनं देऊ नको. नवं आण, पण जुनं कोपऱ्यात राहू दे."

"मोड दिल्याशिवाय नवं भांडं घेत्यात व्हय, आबा?"

आमच्याकडं रीत तीच. नवा हंडा घ्यायचा तर जुनं तांबं कासाराला द्यायचं. त्यात वावगं काही नव्हतं.

दसऱ्याच्या आधी तीनचार दिवस टेम्पो आला. नवं मशीन गोणपाटात शिवलेलं होतं. टेम्पोवाल्याला जुनं भरून लगेच परत फिरायचं होतं. मी म्हणालो, "टेम्पो उभा हाय तवर लावून बघ."

वसंता दचकलाच. "पूजेआधी? कोरं हाय ते. दसऱ्याला फुलं वाहिल्याबिगर त्येला वीज दाखवायची न्हाय."

मीही नवा दगड पूजेआधी फिरवला नसता. जुनं मशीन टेम्पोत चढवलं तेव्हा, घरातलं माणूस गावाला निघालं की हातावर दही घालतात तसं वसंतानं त्याच्या लाल बटणाच्या शेजारी चमचाभर दही ठेवलं. "या पावणं. सांभाळून जावा." बायका हसत होत्या आणि पदरानं डोळेही पुसत होत्या. टेम्पो वळला, आणि रिकाम्या जागी भिंतीचा पांढरा चौकोन तेवढा राहिला.

मग दसऱ्यापर्यंत ते गोणपाटातलं धूड दुकानात उभं. मला ते बघवत नव्हतं. तोंड बांधून कुणी माणूस उभा केलाय असं वाटायचं. हौसाबाई म्हणाली, "वसंता, असं झाकून काही दारात ठेवू ने." खंडेनवमीच्या दिवशी बाकावर कुणी नव्हतं, तेव्हा रंग्या खालूनच वाकला आणि बोटांच्या पेरांनी गोणपाटावर ठोकलं.

"पोकळ वाजतंय, काका," म्हणाला, आणि आपल्या पायरीवर जाऊन बसला.

दसऱ्याच्या सकाळी नारळ फोडला. झेंडूचा हार घातला. बाकावर जागा नव्हती, बायका पायरीपर्यंत उभ्या. मी मोटर लावलीच नव्हती. वसंतानं बटण दाबलं आणि पडदा उजळला.

चित्र पहिल्यापेक्षा मोठं होतं, रंग जास्त होते, हे मी कबूल करतो. पण आभाळ तांबडं होतं. हिरवं शेत नव्हतं, ओढा नव्हता, नुसत्या भिंती. धून नव्हती. ट्रान्सफॉर्मरखाली उभं राहिलं की येते तशी एक घरघर, सारखी. तानी आली. तिचे डोळे बारीक केले होते, रागीट. मागं पाच पिल्लं.

"ही अशी काय दिसाय लागली गं?" कुणीतरी हळूच म्हणालं.

"लांबचा प्रवास झालाय. बसू द्या तिला," वसंता म्हणाला. पण आवाज त्याचा उतरला होता.

पहिला मान हौसाबाईचा. तिनं दांडा धरला. थोडं पुढं गेल्यावर भिंतीआडून बोका आला, पिल्लं पांगली. हौसाबाईनं सवयीनं लाल बटण दाबलं, पिल्लांना हाक मारायला.

तानीनं मान मागं फिरवली, एक पिल्लू चोचीत उचललं आणि बोक्याच्या अंगावर फेकलं. बोका मेला. पिल्लूही मेलं. वरच्या कोपऱ्यात आकडे वाढले.

हौसाबाईला वाटलं आपलंच चुकलं. दुसरा बोका आला, तिनं पुन्हा बटण दाबलं, पुन्हा हाक मारायलाच. दुसरं पिल्लू गेलं. तिनं दांडा सोडला, चटका बसल्यासारखा.

"वसंता, हिला हाक मारता येत न्हाय?"

वसंतानं स्वतः बटण दाबून बघितलं. तिसरं पिल्लू गेलं.

हौसाबाई उठली. पाटी डोक्यावर घेतली. "लागणीचा ऊस तोडला की त्याच बुडख्यातनं दुसरा उगवतोय, खोडवा. कांडी बारीक निघती, रस कमी निघतोय, मला ठावं हाय, मी शेतकऱ्याची लेक हाय. पर खोडवा झाला तरी ऊस गोडच लागतोय रं. ह्यो ऊस न्हवं. आपली पिल्लं फेकून मारती ती कसली तानी?"

ती खाली उतरली आणि एकेक करून सगळ्या बायका उतरल्या. दसऱ्याचं सोनं द्यायला आणलेली आपट्याची पानं बाकावर तशीच पडून राहिली. समोरच्या पायरीवर रंग्या शेंगा सोलत होता. तो हसला नाही. हसला असता तर बरं वाटलं असतं.

वसंतानं व्यापाऱ्याला निरोप धाडला. जुनं मशीन पुढं कुठल्यातरी गावाला गेलं होतं. कुठल्या, ते त्यालाही सांगता येईना.

त्यानंतर बाक रिकामाच. बायका दळणाला यायच्या, माझ्याच दारात उभ्या राहायच्या, आणि वसंताच्या दुकानाकडं पाठ करायच्या. रागानं नव्हे. कुणाच्या घरी वाईट घडलं की आपण नजर चुकवतो, तसं. आणि समोरच्या पायरीवर रंग्याबरोबर आता पोरं बसू लागली. काही दिवसांनी ती गल्ली ओलांडून अलीकडं आली. मग वसंताच्या छपराखाली उभी राहू लागली. मागच्या गल्लीत जसं झालं, तसंच, त्याच क्रमानं. मी बघत होतो. सगळी पेठ बघत होती.

एक दिवस रंग्या खालूनच बोलला. मी मुद्दाम माझ्या दारात फावडं घेऊन उभा राहिलो.

"काका, आता बायका येत न्हाईत. आमची पोरं आत बसली तर काय बिघडतंय? मशीन आवडतंय त्यास्नी."

"आक्का येणार हाय," वसंता म्हणाला.

रंग्यानं रुमालाची घडी उलटी केली. "तुळशीच्या लग्नापतुर बघूया. आई येऊन ह्या बाकावर बसली तर मी आयुष्यात ही पायरी चढणार न्हाय. शब्द. न्हाय बसली तर किल्ली तुम्ही हौसेनं द्याची, मी मागणार न्हाय."

एवढं मऊ बोलला की मला वाटलं, याच्यापेक्षा चाकू दाखवला असता तर परवडलं असतं.

वसंतानं हौसाबाईला गाठलं. ती म्हणाली, "तुझ्या त्या तानीनं पाची पिल्लं घरात नेली की मला हाक मार. बसतो मी. मरंस्तवर बसतो."

तेव्हापासून वसंता त्या मशीनपुढं उभा राहिला. रेडिओ बाजूला पडले. लाल बटणावर त्यानं चिकटपट्टी लावली, चुकूनही बोट जाऊ नये म्हणून. न फेकता, नुसतं पळवत, भिंतीच्या आडोशानं तानीला न्यायचं. दर वेळी बोका खायचा. भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं, "चला, चला बाई, थोडंच ऱ्हायलं." मग पुन्हा नाणं पडल्याचा आवाज.

"वढू का?" मी विचारायचो.

"थांबा!"

बायका दळणासाठी खोळंबायच्या, मला बोलायच्या. दुसऱ्या पेठेतल्या गिरणीत जा म्हणालो. मी थांबायचं ठरवलं की थांबतो.

एकदा मी जाऊन बघितलं. डोळे लाल, दाढी वाढलेली. मी म्हणालो, "वसंता, वाटच ठेवली नसंल तर रं?"

"ज्यानं पडद्यावर घर काढलंय त्यानं दार काढलंच असणार की, आबा. कोण कशाला बिनदाराचं घर काढंल?"

तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी तो गिरणीत आला. पिठाचा धुरळा उडत होता तरी हसताना दिसला. "पाची आणली. खुराड्यापतुर. दारात उभं ऱ्हायला उसंत मिळंना, बोका मागंच असतोय. जरा उभं ऱ्हायलं की उघडंल."

दुसऱ्या दिवशी मी दुपारपासूनच गिरणी ठेवून दिली. चित्र हलायला नको. दिवेलागणीला अंगणाअंगणात उसाची मोळी बांधून तुळशी सजवलेल्या, मंगलाष्टकं चाललेली. आमच्या टोकाला मात्र एकही पोर फटाका लावायला आलं नाही. घरांची दारं नुसती लोटलेली नव्हती, कड्या लावलेल्या होत्या. छपराखाली रंग्याची पोरं भिंतीला टेकून. रंग्या समोरच्या पायरीवर.

हौसाबाई आली. पाटी नव्हती. बाकाच्या कडेला उभी राहिली, बसली नाही.

वसंतानं नाणं टाकलं. मी त्याच्या हातांकडं बघत होतो. त्या गुळगुळीत बोटांनी तो दांडा असा धरला होता, जसा ताप आलेल्या लेकराचा हात धरतात. तानी निघाली. पहिला बोका चुकवला. घार आली, भिंतीखाली दडली. एक पिल्लू मागं राहिलं तर वसंता तानीला माघारी घेऊन गेला, त्याच्याजवळ उभा राहिला, आणि घेऊन आला. हौसाबाईचे ओठ हलत होते. शेवटचं वळण. खुराडं दिसलं. पाच पिल्लं, मोजून पाच, आणि तानी दारात.

दार उघडलं नाही.

घरघर चालूच. मागं लांबवर बोका दिसू लागला. वसंता थांबला होता. तानीनं दाराला एकदा धडक दिली, दोनदा दिली.

रंग्या गल्ली ओलांडून पायरीखाली आला होता. तिथनंच तो शांतपणे म्हणाला, "काका, एक टाकल्याबिगर ते दार उघडत न्हाय. माझ्या पोरांनी बघितलंय दुसऱ्या गावात."

हौसाबाईनं लेकाकडं वळून बघितलं. मग ती वसंताच्या जवळ गेली, आणि जिचा आवाज चौक हलवायचा ती बाई एवढं हळू बोलली की मला कान द्यावा लागला.

"टाक रं एक, वसंता."

"आक्का?"

"चार तर आत जातील. दार उघडलं की मी बसतो. बसून ऱ्हातो, उठत न्हाय. तुला ठावं न्हाय त्यो कसा हाय. मला ठावं हाय, मी जन्म दिलाय. टाक एक. खेळातलं तर हाय."

वसंताचं बोट चिकटपट्टीपर्यंत गेलं. मी बघितलं, गेलं. बोका निम्म्या वाटेवर आला होता. तेवढ्यात त्यानं मान वळवून मागच्या फळीवरच्या त्या जळालेल्या व्हॉल्व्हकडं बघितलं, आणि बोट मागं घेतलं.

"माझ्यानं न्हाय व्हायचं, आक्का."

त्यानं दोन्ही हात दांड्यावरनं काढून मांडीवर पुसले. तानी दारात उभी होती, पिल्लं तिच्याभोवती. पडदा तांबडा झाला, मग काळा.

हौसाबाईनं पदर डोक्यावरून ओढून घेतला. खाली उतरताना लेकाच्या अंगावरनं गेली. रोज त्याला मेल्या म्हणणारी बाई त्या दिवशी काहीच बोलली नाही.

वसंतानं मशीनचा खटका पाडला. आम्ही दुकानदार दुकान बंद केलं असं म्हणत नाही, वाढवलं म्हणतो. वसंता तर रेडिओलाही निजवला म्हणायचा. त्या संध्याकाळी तो मोठ्यानं म्हणाला, "बंद." किल्ली बाकावर ठेवली. व्हॉल्व्ह एकेक करून पिशवीत भरले. टेबलावर मुरगूडचा एक रेडिओ दुरुस्त होऊन पडला होता, तो फडक्यात बांधला आणि काखेत घेतला.

माझ्यासमोरून जाताना थांबला. मी म्हणालो, "इथं गिरणीत बस. तुला कोण उठवतंय बघतो."

"तुमी बसा, आबा. तुमी बसणार, मला ठावं हाय." मग काखेतल्या गाठोड्यावर हात ठेवून म्हणाला, "चला पावणं. तुमास्नी घरी सोडतो."

दोन्ही अंगाला कड्या लावलेली दारं आणि मधून तो चाललेला, रेडिओ पोटाशी धरून. वळणावर एका अंगणात तुळशीपुढं दिवा होता. त्याच्या उजेडात तो एकदा दिसला. नंतर मला तो कधी दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गिरणी उघडली. डबे आले, पट्टा चढवला, हँडलवर हात ठेवला. भिंतीपलीकडं ती घरघर सुरू झाली होती. रंग्याची पोरं ओरडत होती, "टाक, टाक, आणि एक टाक!" सवयीनं माझं तोंड भिंतीकडं वळलं आणि शब्द ओठापर्यंत आला. तो मी गिळला, आणि न विचारता हँडल ओढलं.